बूट उलटा करून पाहा!

सटाक्!

हा आवाज ज्यांच्या ओळखीचा आहे, त्यांचा हात आत्ता आपोआप नडगीकडे गेला असेल. पाय पायडलवरून सटकतो, पायडल गर्रकन गिरकी घेतं आणि येऊन आदळतं ते थेट नडगीवर. तिथे मांसाची गादी नसते, कातडीखाली लगेच हाड. म्हणून तो मार इतका झणझणतो. गेल्या पावसाळ्यात हा प्रसाद मला मिळाला. रस्ता ओला, पायात रबरी स्लिपर, आणि कोपऱ्यावरून फक्त कोथिंबीर आणायची म्हणून सायकल काढलेली. कोथिंबीर घरी आली. एक स्लिपर मात्र गटारातून वाहत पुढच्या गल्लीत गेली.

माझी सहावीतली भाची पोट धरून हसली. "मामा, सायकल चालवताना बूट घालायचे असतात, एवढंही कळत नाही?" तिच्या स्वतःच्या पायात वाढदिवसाचे कोरे बूट होते, पळायचे, फुगीर तळाचे, टाचेशी पारदर्शक बुडबुडा असलेले. दोन दिवसांनी तीच कुरकुरत आली. "या बुटांत पाय पायडलवर डुगडुगतो. आणि चवडा दुखतो."

आता आली का पंचाईत! स्लिपर वाईट हे कुणीही सांगेल. पण चांगले, नवे, महागाचे बूट घालूनही पाय का डुगडुगावा?

मी म्हटलं, "बूट उलटा कर."

दुकानात बूट घेताना आपण काय बघतो? रंग, बाजूची पट्टी, वर्गातल्या कुणाकडे तसेच आहेत का ते. पायडल बिचारं यातलं काहीच बघत नाही. त्याला दिसतो फक्त तळ. म्हणून आज आपणही पायडलच्या जागी जाऊन खालून वर बघू.

त्याआधी पायडलविषयी थोडं. सायकलीची पणजी १८१७ साली जर्मनीतल्या मानहाइम शहरात रस्त्यावर आली. कार्ल ड्राइस नावाच्या गृहस्थांनी ती बनवली होती. दोन लाकडी चाकं, मधे बसायला जागा, आणि पायडल? छे! पायांनी जमीन मागे ढकलत धावायचं आणि वेग आला की पाय उचलायचे. म्हणजे सायकलस्वाराच्या बुटाची सगळी झटापट रस्त्याशी होती. पायडल आलं १८६०च्या दशकात, पॅरिसमध्ये, तेही पुढच्या चाकाला. तेव्हापासून बुटाचा रस्त्याशी संबंध सुटला आणि पायडलशी जुळला.

तुमच्या-माझ्या सायकलीला असतं ते सपाट पायडल. पाय ठेवला की बसला, उचलला की सुटला. शर्यतीचे सायकलपटू वेगळं पायडल वापरतात. त्यांच्या बुटाच्या तळाला एक खटका असतो, तो पायडलमध्ये 'खट्' करून अडकतो आणि टाच बाहेर वळवली की सुटतो. १९८५ साली फ्रान्सचे बर्नार इनो असेच बूट घालून टूर द फ्रान्स ही जगप्रसिद्ध शर्यत जिंकले, आणि मग सगळ्या शर्यतींत खटकाच खटका झाला. पण ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिल या पठ्ठ्यानं साधं सपाट पायडल सोडलं नाही. डोंगरउतारावरून सायकल हाणत खाली यायच्या शर्यतीत तो २००७, २००९ आणि २०१० साली जगज्जेता झाला. पायडलला त्याचा पाय कशानंही बांधलेला नव्हता. मग दगडधोंड्यांवरून उड्या मारतानाही तो निसटला कसा नाही? उत्तर पुन्हा तळाशीच आहे.

सपाट पायडलवर पाय नेमकं काय करतो? तुम्ही म्हणाल, खाली दाबतो. बरोबर, पण तेवढंच नाही. पायडल सर्वांत वर असतं तेव्हा पाय त्याला किंचित पुढे ढकलतो. खालपर्यंत गेलं की मागे ओढतो, चिखलाचा पाय पायपुसण्यावर पुसावा तसा. वर येणारा दुसरा पाय तर पाहुण्यासारखा नुसता बसून येतो. खाली दाबताना पाय सटकायची भीती कमी. पुढे ढकलताना आणि मागे ओढताना मात्र तळ आणि पायडल यांच्यात एकच गोष्ट मदतीला असते, घर्षण. आणि हे किती वेळा? मिनिटाला साठ फेऱ्या धरा. शाळा वीस मिनिटांवर असेल तर एकेका पायाच्या बाराशे फेऱ्या, फक्त जायच्या.

आता दप्तरातून खोडरबर काढा. हो, खोडरबर! ते वहीच्या कागदावर ठेवून बोटानं ढकला. अडतं ना? आता त्याच कागदावरून पेनाचं टोपण ढकला. सुळकन जातं. रबर हे नावच मुळी या घासण्यावरून पडलं. ऑक्सिजनच्या शोधाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, त्या जोसेफ प्रिस्टली यांनी १७७० साली लिहून ठेवलं की हा पदार्थ पेन्सिलीच्या खुणा पुसायला फार छान आहे. इंग्रजीत घासण्याला 'रब' म्हणतात, म्हणून ते रबर.

रबर अडतं का? स्वयंपाकघरात चला. किसणीवर लाटणं ठेवलं तर ते फक्त दात्यांच्या टोकांवर टेकतं, बाकी सगळी हवा. त्याच किसणीवर कणकेचा गोळा दाबला तर? कणीक दात्यांभोवती पसरते, भोकांत शिरते. आता गोळा बाजूला सरकवून बघा. (आईला विचारून. किसणी धुवायची तयारी ठेवून.) आपल्याला गुळगुळीत दिसणारं पायडलही भिंगाखाली किसणीसारखंच खडबडीत असतं. कडक तळ त्यावर लाटण्यासारखा टेकतो. मऊ रबर कणकेसारखं खाचखळग्यांत शिरतं. जितका जास्त भाग खरोखर टेकेल, तितकं ते पायडलला जास्त चिकटतं.

रबराचा दुसरा गुण म्हणजे आळस. चेंडूचं रबर दबलं की टुणकन मूळ जागी येतं. काही रबरं मात्र दबली की सावकाश, जांभई देत उठतात. असल्या रबराचा चेंडू केला तर तो धपकन पडेल आणि जेमतेम उसळेल. क्रिकेटला बेकार, पण बुटाच्या तळाला झकास! सायकल खड्ड्यात आदळली तरी असा तळ पायडलवरून उसळत नाही.

हे आळशी रबर सायकलवाल्यांना मिळालं ते डोंगर चढणाऱ्यांकडून. अमेरिकेत चार्ल्स कोल नावाचे गिर्यारोहक होते. उभ्या कातळावर पाय टिकावा म्हणून त्यांनी १९८५ साली फाइव्ह टेन नावाची बुटांची कंपनी काढली. पाच-दहा हे नाव म्हणजे कातळचढाईच्या अवघडपणाची एक पायरी आहे, आपल्याकडे इयत्ता असते तशी. कातळाला धरून ठेवणारं रबर पायडललाही धरेल, हे डोंगरात सायकल चालवणाऱ्यांच्या लक्षात आलं. सॅम हिलच्या पायात याच जातीचे बूट असत. त्याच्याही आधी, कॅलिफोर्नियात १९६६ साली सुरू झालेल्या व्हॅन्स कंपनीचे साधे कॅनव्हासचे बूट स्केटबोर्डवाल्या पोरांनी असेच उचलले होते. तळ सपाट, रबर मऊ, वर उथळ चौकटींची नक्षी. बोर्डाला पाय चिकटून राहायचा. मग छोट्या सायकलींवर कसरती करणाऱ्यांनीही तेच बूट पायांत घातले. दोन्हीकडे बूट बनवणाऱ्यांच्या डोक्यात सायकल नव्हती. आपल्या पायडलला काय लागतं, ते चालवणाऱ्यांनीच शोधून काढलं, ही मला यातली सगळ्यांत मजेदार गोष्ट वाटते.

डोंगरी सायकलीच्या पायडलवर आणखी एक युक्ती असते. पृष्ठभागावर बारीक धातूचे खिळे उभे असतात, किसणीच्या दात्यांसारखेच. मऊ रबर त्यांच्यावर दाबलं की खिळे आत रुततात. मग पाय सरकवायचा म्हणजे तो आधी उचलावाच लागतो. पण पाय सुटलाच, तर हेच खिळे नडगीवर येतात. माझ्या साध्या पायडलनं 'सटाक्' केलं. या पायडलनं सह्या केल्या असत्या.

भाचीचा बूट अजून उलटाच आहे. त्याच्याकडे बघू. तळाला रबराचे थोडे तुकडे, मधे मधे उघडा फेस. हाताच्या बोटानं दाबला तरी दबतो. पुढचं टोक होडीसारखं वर वळलेलं, टाच उंच. हे सगळं उगाच नाही हं! पळताना प्रत्येक पाऊल जमिनीवर आदळतं आणि तो जोर आपल्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट असू शकतो. तो झेलायला फेसाची गादी. पाऊल टाचेकडून बोटांकडे लोळत जावं म्हणून वळलेलं टोक. पळण्यासाठी हा बूट म्हणजे हुशार कारागिरी आहे.

पण पायडलवर पाऊल आदळतच नाही! तिथे ते सतत टेकलेलंच असतं. मग गादी काय करते? अंथरुणाच्या गादीवर उभे राहा आणि भिंत जोरात ढकला. पाय डुगडुगतात, अर्धा जोर गादी दाबण्यातच जातो. आता फरशीवर उभे राहून ढकला. कळला फरक? फुगीर तळाच्या बुटात प्रत्येक फेरीला थोडी ताकद फेस दाबण्यात जाते. आणि वळलेल्या टोकामुळे तळाचा पुढचा भाग पायडलवर पुरता टेकत नाही.

राहिलं चवड्याचं दुखणं. आपल्या एका पावलात २६ हाडं असतात. चवड्याशी, म्हणजे बोटांच्या मागे जिथे पाऊल सगळ्यांत रुंद आहे तिथे, पाच लांब हाडांची टोकं ओळीनं येतात. पायडलचा आस साधारण त्याच्याखाली यावा. तळपायाची खोलगट कमान पायडलवर ठेवली तर घोटा आणि पोटरी यांना कामच उरत नाही. पण चवडा ठेवला की सगळा दाब त्या हाडांच्या टोकांवर, तोही पायडलएवढ्याशा जागेत. पुस्तकातलं सूत्र आठवा, दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. जागा लहान तर दाब मोठा.

हे अनुभवायचं असेल तर जिन्याच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर, कठडा धरून, अनवाणी उभे राहा. फक्त चवडे पायरीच्या कडेवर, टाचा अधांतरी. अर्ध्या मिनिटात कड टोचायला लागते. आता कडक तळाचे बूट घालून तेच करा. कड कुठे आहे ते कळतसुद्धा नाही, कारण तळ वाकत नाही आणि दाब सगळ्या पावलाखाली वाटून देतो. फुगीर बूट इथे फसवतो. तो मऊ आहे म्हणून आरामाचा वाटतो, पण पायडलवर तो दुमडतो आणि कड आत पोचते.

म्हणजे गंमत बघा. तळाचा बाहेरचा थर मऊ हवा, पायडलला चिकटायला. आतला थर ताठ हवा, पाऊल सावरायला. एकाच बुटात दोन उलट स्वभाव! चांगला बूट ओळखायला दोन चाचण्या पुरतात. अंगठ्याचं नख तळाच्या रबरावर रोवा. खूण उमटली आणि हळूहळू भरून आली तर रबर मऊ. नख सरकलं तर कडक. मग बूट टाचेशी आणि टोकाशी धरून वाकवा. मधून पापडासारखा दुमडला तर पायडलवरही दुमडणार. थोडा वाकून अडला तर पास.

आपल्या घरातली बाकी मंडळी या परीक्षेत कशी उतरतात? रबरी स्लिपरचं रबर मऊ असतं, हे तिच्या बाजूनं. पण ती पायाला धरलेली नसते. उलट आपणच तिला धरून बसतो, अंगठा आणि शेजारचं बोट आवळून. नीट बघा, स्लिपर घालून सायकल चालवणारी माणसं चवडा नाही, तळपायाचा मधला भाग पायडलवर ठेवतात. चवड्यावर जोर दिला की मागचा भाग लोंबतो आणि स्लिपर निसटते. कोल्हापुरी चपलेचा मला अभिमान आहे. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण तिचा चामड्याचा तळ वापरून वापरून असा गुळगुळीत होतो की पायडलशी त्याचं जमत नाही. कोल्हापुरी घालून लग्नाला जा, सायकलीवरून जाऊ नका. शाळेचे काळे बूट मधल्या बाकावरचे. ताठ असतात, पण बऱ्याच बुटांचा तळ कडक, त्यामुळे पावसात घसरतात. डोंगरात जायच्या बुटांना खोल खाचा असतात. चिखलात त्या रुततात म्हणून तिथे उत्तम. पायडलला मात्र खाचांमधल्या उंचवट्यांवरच टेकावं लागतं.

आणि पीटीच्या तासाचे ते साधे कॅनव्हासचे बूट, ज्यांना कपाटात सगळ्यांत मागे जागा मिळते? सपाट तळ, उथळ नक्षी, बऱ्यापैकी मऊ रबर, वर नाडी. ताठपणात थोडे कमी, पण शाळेच्या अंतराला पुरेसे. माझं मत विचाराल तर पहिला नंबर त्यांचा. सायकलसाठी म्हणून वेगळे बूट घ्यायला आईबाबांच्या मागे लागू नका. तुम्ही डोंगरउतारावर शर्यत लावत नाही, तोवर गरज नाही.

जुनाट जोडी असेल तर मात्र आधी नखानं तपासा. रबर म्हातारं होतं. हवा आणि ऊन लागून कडक पडतं, त्याला भेगा जातात. एके काळी तर नव्या रबराचंही खरं नव्हतं. रबरी बूट उन्हाळ्यात वितळून चिकट, घाणेरड्या वासाचे व्हायचे आणि थंडीत लाकडासारखे कडक. १८३९ साली अमेरिकेच्या चार्ल्स गुडइयर यांना कळलं की रबरात गंधक घालून ते तापवलं तर ते दोन्ही ऋतूंत शहाण्यासारखं वागतं. तुमच्या तळाच्या रबरातही बहुतेक गंधक आहेच.

आता पाऊस. ओल्या पायडलवर पाण्याचा पातळ थर असतो आणि रबराला खाचखळग्यांपर्यंत पोचू देत नाही. तळावरच्या उथळ नक्षीचं खरं काम इथे आहे, पाण्याला पळून जायला गल्ल्या देणं. अगदी सपाट, बिननक्षीचा तळ कोरड्यात छान धरतो आणि ओल्यात दगा देतो. झिजलेल्या स्लिपरनं माझा घात केला तो असा. पायडलवर चढायच्या आधी तळाचा चिखल दगडावर खरवडून टाका, नाहीतर गल्ल्या तुंबलेल्याच असतात.

नाडीचं एक सांगायचं राहिलं. सायकलीची चेन उजव्या बाजूला असते. म्हणून उजव्या बुटाची नाडी जास्त धोक्याची. सुटलेलं टोक चेनमध्ये गेलं की चेन पायालाच खेचायला लागते. दुहेरी गाठ मारा आणि टोकं बुटात खोचा. डावी-उजवीचा विषय निघालाच आहे, तर एक गुपित सांगतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते उलट्या दिशेनं फिरवून घट्ट होतं. सरळ आट्यांचं असतं तर चालवता चालवता सैल होऊन गळून पडलं असतं. सायकल दुरुस्तीच्या दुकानात काकांना विचारा, ते पाना लावून दाखवतील.

भाचीला हे सगळं पटलं, पण ती म्हणाली, "मामा, नुसतं सांगू नकोस, परीक्षा घेऊ." मग आम्ही स्वयंपाकघरातला लाकडी पाट आणला. तुम्हीही आणा. पाटावर एक बूट ठेवायचा आणि पाटाची एक बाजू हळूहळू उचलायची. बूट घसरायला लागला की थांबायचं. उचललेल्या कडेची जमिनीपासूनची उंची मोजा. मग त्या कडेच्या बरोबर खालच्या बिंदूपासून पाटाच्या टेकलेल्या कडेपर्यंतचं जमिनीवरचं अंतर मोजा. उंचीला अंतरानं भागा. समजा उंची ३० सेंटिमीटर आणि अंतर ५० सेंटिमीटर, तर उत्तर ०.६. हा झाला त्या बुटाचा घर्षणांक, अगदी खऱ्या प्रयोगशाळेतल्यासारखा. पाट ओला करून पुन्हा मोजा. मग बुटात एक दगड ठेवून बघा. वजन वाढलं म्हणून बूट लवकर घसरेल असं वाटतं ना? गिलोम आमोंतों या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १६९९ साली सांगितलं होतं की वजन वाढलं की घर्षणही त्याच प्रमाणात वाढतं, म्हणजे घसरायचा कोन तोच राहायला हवा. लाकूड, धातू हा नियम बऱ्यापैकी पाळतात. रबर थोडं खोडकर आहे, ते नियमातून जरा इकडेतिकडे सरकतं. किती, ते तुमचा पाट सांगेल.

आमच्याकडे कॅनव्हासचे बूट कोरड्यात आणि ओल्यात दोन्हीकडे पहिले आले. माझी उरलेली एक स्लिपर ओल्या पाटावर शेवटची. भाची आता पळायचे बूट पळायला वापरते आणि पीटीचे बूट सायकलीला.

तुमच्या घरातल्या निदान चार जोड्यांची परीक्षा घ्या, तक्ता करा आणि आम्हाला पत्रानं पाठवा. आजोबांच्या चपलाही सोडू नका. आणि हो, प्रयोग झाल्यावर पाट घासूनपुसून जागेवर ठेवा. कुणी त्यावर जेवायला बसायच्या आत.